सर्व गरीब एकाच ठिकाणी

गरिबाला हक्काचं घर मिळालं पाहिजे, याबद्दल जगात कुठंही मतभेद नाही. मतभेद असतो तो 'कुठं' या एका शब्दाबद्दल. या एका शब्दासाठी आमच्या सहजीवन कॉलनीनं जो लढा दिला, त्याचा हा अधिकृत वृत्तांत. कॉलनी पुंडलिकनगरच्या पुढं आहे, घरं चौसष्ट आहेत, आणि मी तिच्या नागरिक कृती समितीचा सचिव आहे. (कृती अध्यक्ष करतात. मी लिहून ठेवतो.)

सुरुवात एका पत्रानं झाली. गृहनिर्माण कार्यालयानं कळवलं, की अल्प उत्पन्न गटासाठी शहरात पाच ठिकाणी चोवीस-चोवीस घरांची एकेक इमारत होणार. शिवाय प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर आठ निराधार वृद्धांसाठी निवारा आणि त्यांच्या देखभालीला एक नर्स. पाचांपैकी एक जागा आमच्या कॉलनीमागचं मैदान. या मैदानाला आम्ही ऑक्सिजन पार्क म्हणतो. (तिथं सध्या सात गाड्या, अध्यक्षांच्या बांधकामातली उरलेली वाळू आणि एक बाभळ आहे. ऑक्सिजनचं काम बाभळ पाहते.)

अध्यक्ष म्हणजे रामहरी तांगडे, सगळ्यांचे अण्णा. त्यांची पाचोडला मोसंबीची बाग आहे, इथं दुमजली बंगला आहे आणि भाषणाला त्यांना माईक लागत नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी सभा बोलावली आणि भूमिका स्पष्ट केली.

"आपला विरोध गरिबाला नाय. गरीब आपलाच माणूस हाय. आपला विरोध त्याच्या पत्त्याला हाय."

टाळ्या झाल्या. मग मतदान. गरिबांना घरं मिळावीत या बाजूनं चौसष्ट मतं पडली. इथं मिळू नयेत या बाजूनं त्रेसष्ट, तटस्थ एक. (तटस्थ सदस्यांना मतदान गणपतीच्या वर्गणीबद्दल आहे असं वाटलं होतं.)

हरकती मी लिहून घेतल्या. इमारतीची सावली अण्णांच्या सोलरवर पडेल. (मैदान बंगल्याच्या उत्तरेला असल्यानं सावली तिकडं पडू शकत नाही, पण मुद्दा जोरदार असल्यानं ठेवला.) नळाला पाणी आठवड्यानं येतं, ते दहा दिवसांनी येईल. निवाऱ्यातले म्हातारे खोकतील. नर्स असल्यामुळं ते बराच काळ खोकतील. आणि शेवटचा, सर्वांत उदात्त मुद्दा : आमच्यासारख्यांत राहून गरिबाला एकटं वाटेल. तेव्हा पाचही ठिकाणचे सगळे गरीब शहराबाहेर चितेगावच्या बाजूला एकत्र ठेवावेत, म्हणजे त्यांना एकमेकांची सोबत होईल.

सभेला चहा भागूबाईनं केला. भागूबाई कॉलनीत सहा घरची धुणीभांडी करते. तिचा नवरा मुंजाबा आमचा वॉचमन. दोघं मूळचे पाचोडकडचे, मेंढरं राखणारे. मेंढरं गेली, आता ती आम्हाला राखतात. राहतात मैदानापलीकडच्या चाळीस पत्र्याच्या खोल्यांच्या वस्तीत. नव्या घरांसाठी दोघांनी अर्ज केला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच 'ही घरं इथं नकोत' हा फलक आम्ही मुंजाबाकडूनच बांधून घेतला. दोन्ही टोकांना त्यानं दुहेरी गाठ मारली. मनुष्य कामाला चोख.

भागूबाईनं कप गोळा करता करता विचारलं, "पर अण्णा, तिकडं घर झाल्यावर म्या सकाळी सहाला इथं येऊ कशी?"

"एसटी हाय ना."

"पहिली गाडी येस्तवर तुमच्या नळाचं पाणी येऊन जातंय. टाकी कोन भरंल?"

हा पहिलाच तांत्रिक आक्षेप होता. लगेच ठराव झाला, की गरिबांच्या सोयीसाठी शासनानं पहाटे साडेचारची खास बस सोडावी. गरिबांचा इतका बारीक विचार करणारी दुसरी कॉलनी शहरात नसेल.

निवेदनात मी एक वाक्य घातलं, ज्याचा मला पुढं फार पश्चात्ताप झाला : 'अल्प उत्पन्न गटाची सर्व घरं एकाच ठिकाणी, आणि जिथं असे लोक मुळातच सर्वांत जास्त आहेत, तिथंच बांधावीत.' अण्णांनी सही केली, खाली त्रेसष्ट सह्या झाल्या, निवेदन गेलं. तोवर आमच्या एकोणीस निवेदनांपैकी एकही मान्य झालेलं नव्हतं, त्यामुळं आम्ही निर्धास्त होतो.

विसावं निवेदन शब्दशः मान्य झालं.

महिन्याभरानं पाहणी अधिकारी तनुजा मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, हातात टॅब, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. समाजमंदिरात सुनावणी झाली. आम्ही हार आणला होता. मॅडम म्हणाल्या, "हार नंतर. आधी निष्कर्ष वाचते. निवेदनाप्रमाणे अल्प उत्पन्न कुटुंबं सर्वांत जास्त कुठं आहेत ते शोधलं. त्यासाठी गेल्या तीन वर्षांतले उत्पन्नाचे दाखले पाहिले. पाचही भागांत सर्वांत जास्त गरिबी सहजीवन कॉलनीत आहे. चौसष्टपैकी सत्तावन्न कुटुंबं."

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली. "रामहरी तांगडे. वार्षिक उत्पन्न अठ्ठेचाळीस हजार."

आता इथं थोडा खुलासा आवश्यक आहे. अण्णांचा मुलगा विश्वजीत इंजिनिअरिंगला आहे, आणि फी सवलतीसाठी दाखला लागतो. दाखल्यात मोसंबीच्या बागेला अजून फळं धरलेली नाहीत. बंगला मेव्हण्याच्या नावावर आहे. गाडी सासऱ्यांची आहे. (सासरे २०११ साली वारले.) कॉलनीतल्या बाकीच्या छप्पन्न घरांतही मुलं शिकतात. मी स्वतः बासष्ट हजारांत वर्ष काढतो. कसं काढतो, ते मलाही दाखला वाचूनच समजलं.

"आणि पलीकडची पत्र्याची वस्ती?" अण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच माईक लागेल असा आला.

"तिथं गरिबी जवळजवळ नाही. चाळीस घरांत तीनच दाखले," मॅडम म्हणाल्या. "त्यातला एक भागूबाईंचा. एक लाख बत्तीस हजार."

झालं असं होतं, की तलाठ्यानं भागूबाईला विचारलं, किती घरची कामं करता, आणि तिनं सांगितलं, सहा. त्यानं सहा घरचा पगार बारानं गुणला. खरं सांगण्याचा हा तोटा असतो. बाकी सदतीस घरांनी दाखला काढलाच नव्हता, कारण त्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि गरिबी सिद्ध करायला थोडी ऐपत लागते.

सगळ्या सभेनं वळून भागूबाईकडं पाहिलं. दाराशी चहाची किटली घेऊन कॉलनीतली सधन स्त्री उभी होती. तिनं आधी पदर तोंडाला लावला, मग अण्णांजवळ आली आणि मनापासून कळवळून म्हणाली, "अण्णा, आधी सांगायचं नाय का वो! दिवाळीची साडी म्या घेतलीच नसती तुमच्याकून."

अण्णांचे कान लाल झाले, ते मी शेजारी बसून पाहिलं.

मॅडमनी एक वाट ठेवली होती. ज्याला दाखला चुकीचा वाटतो, त्यानं तीस दिवसांत 'माझं उत्पन्न यापेक्षा जास्त आहे' असं प्रतिज्ञापत्र द्यावं. नाव लगेच कमी होईल. त्या संध्याकाळी सभेत सत्यशीलाकाकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, पहिल्यांदाच बोलल्या. "मग द्या की लिहून खरं काय ते. सुटला प्रश्न."

इतका अव्यवहार्य उपाय कॉलनीत त्यापूर्वी कुणी सुचवला नव्हता. अण्णा म्हणाले, "विश्वजीतचं अजून दीड वर्ष ऱ्हायलंय. तवर गरीबच राहू." ठराव एकमतानं मंजूर झाला. (तटस्थ सदस्यांनी या खेपेला विषय नीट विचारून घेतला होता.)

काकू मात्र त्या दिवसापासून गप्प बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या भागूबाईबरोबर वस्तीत गेल्या. दाखल्याला कोणता कागद लागतो, कोणत्या खिडकीवर कोणत्या वेळी गर्दी नसते, याचा त्यांना तीन मुलांचा अनुभव होता. उन्हातान्हात त्यांनी सदतीस बायकांचे अर्ज भरले. एकीनं विचारलं, "काकू, उत्पन्न किती लिहू?" काकू म्हणाल्या, "हाय तेवढं लिही बाई. आमच्याकडं बघू नको." महिनाभरात सदतीसच्या सदतीस दाखले निघाले, आणि ते सगळे खरे होते. तलाठ्याला दोनदा चष्मा पुसावा लागला म्हणतात.

पुढचं नियमाप्रमाणे झालं. एका इमारतीऐवजी पाचही इमारती ऑक्सिजन पार्कवर उभ्या राहिल्या. एकशेवीस घरं, चाळीस वृद्ध, पाच नर्स. गप्प बसलो असतो तर पाचवा हिस्सा आला असता. घरवाटप दाखल्यांच्या यादीप्रमाणे सर्वांत गरिबापासून सुरू झालं, त्यामुळं पहिली किल्ली अण्णांना मिळाली. फोटोत ते हसताना दिसतात. फोटोग्राफरनं तीनदा सांगितलं होतं. मला अकरावी मिळाली. भागूबाईचा नंबर सत्त्याण्णवावा आला, वस्तीत सर्वांत शेवटचा, पण आला. मुंजाबानं नवीन दाराला आतून, बाहेरून, परत आतून कडी लावून पाहिली आणि मग तो पायरीवर बसून रडला. भागूबाई म्हणाली, "आता रडून काय, कामाला चला."

घर नाकारायचं, तर कारण लिहावं लागतं, आणि कारणासोबत पुन्हा तेच प्रतिज्ञापत्र. म्हणून आम्ही सत्तावन्न जणांनी घरं घेतली. दर सोमवारी मॅडम प्रत्यक्ष वास्तव्य तपासतात. तेव्हा सोमवारी सकाळी आम्ही बंगल्याला कुलूप लावून एकेक स्टोव्ह, दोन भांडी आणि वाळत घालायला चार कपडे घेऊन मैदान ओलांडतो. खोटं वाटू नये म्हणून काही सदस्य जुने कपडे विकत घेतात.

एका सोमवारी सत्यशीलाकाकू गेल्या त्या गुरुवारपर्यंत परतल्या नाहीत. अण्णा आणायला गेले तेव्हा त्या निवाऱ्यातल्या दोन म्हाताऱ्यांबरोबर मेथी निवडत बसल्या होत्या. शेजारी भागूबाई होती. म्हातारे खोकत होते, पण काकूंना त्याचं काही वाटत नव्हतं.

"घरी चल," अण्णा म्हणाले.

"कोणत्या?" काकूंनी विचारलं. "कागदावर तर आपलं हेच हाय."

भागूबाईनं अण्णांना बसायला पाट दिला आणि ते मेथी निवडू लागले. त्यांना ती नीट निवडता येत नाही, असं समजतं.

मागच्या आठवड्यात मॅडमनी समितीला विचारलं, की पुढच्या टप्प्याची पाहणी कुठं करावी, तुमचा अनुभव दांडगा आहे. आम्ही एकमतानं तुमचा भाग सुचवला. रागावू नका, तुमच्याबद्दल आम्हाला काहीच माहिती नाही. पण हे सगळं वाचत असताना मध्येच एकदा तुम्ही आपल्या घरच्या दाखल्यावरचा आकडा आठवून पाहिलात ना? मॅडमना तेवढा पुरावा पुरतो.