घड्याळजींची अळंबी

घड्याळजींच्या शब्दाला दुकानात फार किंमत होती. बंद पडलेलं घड्याळ ते कानाशी धरत, आत कुठल्या चाकाचा दात झिजलाय ते सांगत, आणि गिऱ्हाईक मुकाट्याने घड्याळ ठेवून जाई. घरी मात्र ते 'दूध नासलंय' म्हणाले तरी बायको पातेलं स्वतः हुंगून बघायची. ती इस्पितळात अपघात विभागात नर्स होती. माणसं काय काय गिळून येतात हे रोज बघून तिचा कुणावरच भरवसा उरला नव्हता, नवऱ्यावर तर नाहीच नाही.

सुट्टीच्या सकाळी दोघं जंगलात फिरायला गेली, तेव्हा पडलेल्या ओंडक्याच्या आडोशाला घड्याळजींना अळंब्यांचा झुबका दिसला. तपकिरी टोप्या, पांढरे देठ, अगदी टवटवीत.

"हात लावू नका," बायको म्हणाली.

"खायची जात आहे ही."

"कशावरून?"

हा 'कशावरून' घड्याळजींना झोंबला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झुबका तिच्यात अलगद भरला आणि टकलावर ऊन घेत घरापर्यंत चालत आले. आपल्या शब्दावर या घरात एकदा तरी कुणी घास तोंडात घालावा, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी ते वाटेल ते करायला तयार होते, आणि दुर्दैवाने त्यांनी ते केलं.

वाचनालयातून जाडजूड पुस्तक आलं. पुस्तकाचं म्हणणं, आधी वास घ्या. या जातीला ओल्या पिठाचा वास येतो. घड्याळजींना पिठाचा आला. बायकोला ओल्या मोज्यांचा आला. त्यांच्याकडेच राहणाऱ्या आणि मत द्यायची संधी सहसा न सोडणाऱ्या सासूबाईंनी बराच वेळ हुंगून 'यांच्या कोटाचा' असा निकाल दिला. 'हे' जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे पडताळून पाहायची सोय नव्हती.

मग ठशाची परीक्षा. देठ कापून टोपी पांढऱ्या कागदावर ठेवायची, वर वाटी झाकायची आणि वाट बघायची. टोपीतून भुकटी झडते आणि कागदावर ठसा उमटतो. ठसा मलईच्या रंगाचा आला तर जेवायला बसा, गुलाबी आला तर ती तिची विषारी बहीण. घड्याळजी एका ठशावर विसंबणाऱ्यांतले नव्हते. निम्मा झुबका त्यांनी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला आणि उरलेल्यासाठी घरातली यच्चयावत भांडी पालथी घातली. सासूबाईंचा कवळी ठेवायचा पेलाही त्यात गेला. जेवणाचं टेबल अडलं, इस्त्रीचं टेबल अडलं. भुकटी उडू नये म्हणून पंखे बंद, खिडक्या बंद. त्या दिवशी घरातली माणसं घाम पुसत पातेल्याच्या झाकणातून सूप प्यायली आणि सासूबाई कवळी मुठीत धरून झोपल्या.

सकाळी ठसे आले, आणि झकास आले. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं.

"मलई," ते म्हणाले.

"गुलाबी," बायको म्हणाली.

खिडकीशी नेला की ठसा मलईचा दिसे, दिव्याखाली आणला की गुलाबी. सासूबाईही काहीतरी म्हणाल्या, पण कवळी अजून मुठीतच असल्यामुळे ते मत बाद धरण्यात आलं.

घरचा उजेडच बायकोच्या बाजूचा आहे, असं ठरवून घड्याळजींनी सगळा माल दुकानात हलवला, फ्रिजमधला डबासुद्धा. दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर लख्ख पांढरा दिवा होता आणि शोभेच्या घड्याळांवर काचेची घुमटासारखी झाकणं होती. घड्याळं खाली उतरली, झाकणांखाली अळंब्या बसल्या. एका गिऱ्हाइकाने किंमत विचारली. दुसऱ्याने ही चावीवर चालते की सेलवर, अशी चौकशी केली. घड्याळजींनी दोघांनाही काचेपासून लांब उभं राहायला सांगितलं आणि दोघेही नाराज होऊन निघून गेले.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई तेवढ्यात आपलं घड्याळ न्यायला आल्या. घड्याळजींनी घड्याळाऐवजी अळंबी पुढे केली. बाईंनी एक मोडून पाहिली, वास घेतला, ठसा पाहिला, मग डब्यातली एकेक उलटीसुलटी करून पाहिली.

"खायची आहे. मलईचाच ठसा आहे हा. चांगली शिजवून घ्या, छान लागते," त्या म्हणाल्या आणि घड्याळ मनगटाला बांधून गेल्या.

दुसऱ्या कुणी धावत घरी जाऊन हे सांगितलं असतं. घड्याळजींनी मनाशी पक्कं केलं की बाईंचं नाव काढायचं नाही. बाईंच्या शब्दावर खाल्लं तर त्यात आपलं काय राहिलं? घरी येऊन त्यांनी अळंबी लोण्यात परतली, मीठ-मिरपूड घातली, चांगली शिजवली आणि पातेलं टेबलावर ठेवलं.

"खायची आहे. मी सांगतो," ते म्हणाले.

बायकोने ताटलीही पुढे ओढली नाही. उलट तिने विभागात फोन करून दोन खाटा रिकाम्या आहेत का ते विचारलं. घड्याळजींनी वास सांगितला, ठसा सांगितला, पुस्तक उघडून दाखवलं. बायकोने त्यांना पोट धुतात कसं ते नळीच्या जाडीसकट सांगितलं. वाद बैठकीच्या खोलीत गेला, तिथून गॅलरीत गेला. घड्याळजींचा आवाज चढत गेला आणि मग एकदम बसला.

"कॉलेजच्या बाईंनी बघितलीय. एकेक तपासून सांगितलंय त्यांनी," ते हताशपणे म्हणाले.

"मग हे आधी नाही का सांगायचं?" बायको म्हणाली आणि तरातरा टेबलाकडे गेली.

पातेलं रिकामं होतं. सासूबाई पावाच्या तुकड्याने तळातलं लोणी टिपत होत्या.

"आई, सगळं खाल्लंस? पण बाईंचं तर आत्ता कळतंय आपल्याला."

"कोण बाई?" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू म्हणाले ना, खायची आहे म्हणून."

घड्याळजींना भरून आलं. इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि त्याच क्षणी त्यांना शंका आली. बाईंनी डबा बघितला खरा, पण त्या घाईत तर नव्हत्या? ठसा मलईचा होता खरा, पण दिव्याखाली?

बायकोने पुस्तक चाळलं, आईचा हात हातात घेतला, काही बिघडलेलं नाही म्हणाली आणि निर्धास्त ड्यूटीवर गेली. घड्याळजींचं ज्ञान मात्र पार आटलं होतं. सासूबाई नेहमीप्रमाणे दुपारच्या आडव्या झाल्या, तसे ते खुर्ची घेऊन उशाशी बसले. त्यांनी श्वास मोजला, नाडी बघितली, कपाळाला हात लावला. घोरणं थांबलं की खांदा हलवून त्यांना उठवलं, आणि घोरणं वाढलं की घाबरून पुन्हा उठवलं. चहाच्या वेळेपर्यंत हे चाललं होतं.

शेवटी सासूबाई उठून बसल्या.

"जावईबापू, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "आता तुमचाही स्वतःवर थोडा बसला, तर मला झोप तरी मिळेल."