सासऱ्यांचे दात आणि माझं कपाट

बाथरूममधलं कपाट सुताराकडून न करवता आपणच करावं, असं मला एका रविवारी अंघोळ करताना वाटलं. (माझे बहुतेक फसलेले निर्णय अंघोळीतच झालेले आहेत.)

"तुम्हाला खिळा सरळ ठोकता येत नाही," बायको म्हणाली.

"एमडीएफला खिळे नसतात, स्क्रू असतात. भुसा दाबून केलेला बोर्ड असतो तो. गाठी नाहीत, रेषा नाहीत, कापायला एकदम सोपा." हे मी आदल्याच दिवशी वाचलं होतं, त्यामुळे आवाजात अधिकार होता.

बाथरूम म्हटल्यावर दुकानदाराने हिरवट बोर्ड पुढे केला. दमट जागेत हाच टिकतो, म्हणाला.

"हिरवा नको. आमच्या टाइल्स गुलाबी आहेत."

"अहो, वरून तुम्ही रंग लावणारच ना? हिरवा आत राहील."

"पण आत हिरवा आहे हे मला माहीत असेल ना."

त्याने हिरवा परत ठेवला आणि साधा बोर्ड काढून दिला.

कापताना असा काही भुसा उडाला की शेजारच्या काकू पीठ सांडलं का म्हणून विचारायला आल्या. रंग मी फक्त समोरून लावला. कडा आणि मागची बाजू कोण बघायला येतंय? पण कपाट झालं मात्र देखणं. खालचा ड्रॉवर एका बोटाने सरकायचा. तो सरकवायला मी इतक्यांदा बाथरूममध्ये जायला लागलो की बायकोने माझ्या पोटाची चौकशी केली.

त्याच आठवड्यात सासू-सासरे मुक्कामाला येणार होते. सासऱ्यांचं त्यांच्या जुन्या शाळेत भाषण होतं, विषय स्वावलंबन. पाहुण्यांना कपाटावर भुसा दिसायला नको म्हणून ते यायच्या जरा आधी मी त्यावर बादलीभर पाणी ओतून ते लख्ख धुतलं.

त्या रात्री झोपण्यापूर्वी सासऱ्यांनी आपल्या दातांची डबी कौतुकाने माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. ड्रॉवर जरा घट्ट लागला, तो मी तळहाताने आत ढकलला.

"जावईबापू, उद्या भाषणात तुमचंच उदाहरण देणार आहे," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

सकाळी सासरे तोंडावर रुमाल धरून बाथरूमबाहेर उभे. ड्रॉवर उघडत नव्हता. रात्रभरात एमडीएफ पाणी पिऊन टम्म फुगला होता.

बायकोने हेअर ड्रायर लावला. मी कडेला साबण चोळला आणि जोर लावला, तर मूठच हातात आली.

"मूठ निघाली, म्हणजे सुरुवात तर झाली," मी म्हणालो.

"अख्खी शाळा जमलीय तिथे," सासूबाई म्हणाल्या. "दातांशिवाय मी यांना व्यासपीठावर चढू देणार नाही."

खाली शाळेची गाडी हॉर्न वाजवत होती. मी भिंतीला पाय लावला, फटीत बोटं घातली आणि डोळे मिटून खेचलं. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा ड्रॉवरचा पुढचा भाग सुटून आला. पाठोपाठ उरलेलं कपाट नाकावर आपटत माझ्या अंगावर आलं. डबी घरंगळत सासऱ्यांच्या पायाशी गेली. त्यांनी दात धुतले, बसवले आणि आरशात हसून बघितलं.

"उदाहरण देणारच," ते म्हणाले, "फक्त कशाचं ते बदलतो."

आणि दिलं. भुशापासून हॉर्नपर्यंत सगळं सांगितलं. मी नाकाला पट्टी लावून पहिल्या रांगेत बसलो होतो, आणि सभागृह पोट धरून हसत होतं. बायको हसता हसता माझ्या खांद्यावर कलली, तेव्हा मलाही हसू आवरेना. कपाट गेल्याचं दुःख तिथेच संपलं.

आता तिथे सुताराने केलेलं कपाट आहे. (आत हिरवं. मला माहीत आहे.) सासरे अजूनही हौसेने मुक्कामाला येतात, नव्या कपाटाचं तोंडभर कौतुक करतात, ड्रॉवर सरकवूनही बघतात.

झोपतात मात्र दात घालूनच.