कडकनाथचं काळं अंडं

"सर, कडकनाथ अंडीसुद्धा काळीच घालतो का?"

प्रश्न खरं तर स्वप्नालीचा नव्हता. तो मागच्या बाकावर जन्मला होता, आणि विचारून दाखवला तर मधल्या सुट्टीतला वडापाव भाग्यश्रीकडून, असं ठरलं होतं. गेल्या वर्षापर्यंत स्वप्नाली हजेरीलासुद्धा पुटपुटायची. जुलैत वक्तृत्वात तिचा दुसरा नंबर आला आणि तेव्हापासून तिचा हात कायम वरच असायचा.

कुरुळीच्या शाळेत मार्गदर्शनाला आलेले जनावरांचे डॉक्टर अर्धा तास कडकनाथचं कौतुक करत होते. पिसं काळी, तुरा काळा, मांस काळं, हाडंसुद्धा काळी. लोकांना नुसतं वेड लागलंय. आता त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पहिली गोष्ट, कोंबडा अंडी घालत नाही."

वर्ग खिदळला.

"आणि कोंबडीची म्हणशील, तर ती फिकट बदामी असतात. पांढरटच म्हण ना. काळं अंडं देणारा कुणी भेटला तर मलाही भेटव."

वर्ग पुन्हा खिदळला, पण स्वप्नाली हसेना. कारण तिचे पप्पा रोज फर्स्ट शिफ्टला निघताना एक काळंकुळकुळीत अंडं खाऊन जायचे.

पप्पा, म्हणजे दौलतराव, चाकणच्या एका कंपनीत वीस वर्षं प्रेस मशीनवर उभे होते. उन्हाळ्यात त्यांचा उजवा गुडघा धरला. लाइनचे निरंजन साहेब म्हणाले, स्टोअरमध्ये या, खुर्ची देतो. दौलतरावांना ती खुर्ची तिरडीसारखी दिसली. मग लाइनवरच्या कुणीतरी कडकनाथच्या अंड्याचं नाव काढलं, आणि दोन महिन्यांत गुडघा असा सुधारला की गणपतीत ते कमरेला ढोल बांधून चौकापर्यंत गेले. खुर्चीचा विषय मागे पडला. दौलतरावांनी मात्र सगळ्या लाइनला अंडीपुराण ऐकवायला घेतलं. ते ऐकून साहेबांनीच सासऱ्यांसाठी एक डझन सांगितली होती. आज शिफ्ट सुटली की ते स्वतः घरी न्यायला येणार होते.

भाग्यश्रीचे वडील त्याच लाइनवर होते, आणि भाग्यश्रीच्या दप्तरात चोरून आणलेला फोन होता. मधली सुट्टी संपायच्या आत डॉक्टरांचं उत्तर चाकणला पोचलं. स्वप्नालीने जिंकलेला वडापाव अर्धा तसाच टाकला, यावरून काय ते समजावं.

शाळा सुटताच ती धावत घरी आली. आई, म्हणजे शालनबाई, गॅसपुढे उभी होती. मेंदी भिजवायची लोखंडी कढई, तिच्यात चहापूड आणि हिरड्याची पूड घालून उकळलेलं शाईसारखं पाणी, आणि त्यात डुचमळणारी बारा अंडी.

"आई, हे काय चाललंय?"

"साहेबांची ऑर्डर," आई वळूनही न बघता म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. पहिल्यांदा आई दोन बस बदलून चऱ्होलीला गेली होती, तिथल्या एका कोंबड्या पाळणाऱ्या बाईकडून खरी कडकनाथची अंडी घेऊन आली होती. पप्पांनी ती बघून अर्धा तास तिची अक्कल काढली. ज्याची हाडं काळी त्याचं अंडं पांढरं कसं असंल, तुला फसवलं, वगैरे. दुसऱ्या दिवशी आईने खालच्या दुकानातून सहा अंडी आणली आणि बाकीचं काम कढईवर सोपवलं. सोलल्यावर आतून पांढरं निघालं तर 'उकडल्यावर रंग उतरतो' म्हणून सांगितलं.

"खरं आणलं तर खोटं म्हणले," आई म्हणाली. "खोटं दिलं तर ढोल बांधून नाचले. मी काय करू मंग?"

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दौलतराव दारात उभे, घामाघूम.

"शालन, सगळी लाइन मला काळा कोंबडा म्हणतीय."

मग त्यांना कढई दिसली. काळ्या पाण्यातली अंडी बघून सगळा प्रकार त्यांच्या लक्षात आला. हळूच त्यांचा हात उजव्या गुडघ्यावर गेला.

"दुखतोय," ते दचकून म्हणाले. "आत्ता, या मिनिटाला दुखायला लागला. गेली माझी मशीन. बसवणार आता खुर्चीत."

"पप्पा, लिफ्ट बंद आहे," स्वप्नाली म्हणाली. "तीन मजले पळत आलात तुम्ही."

"ते रागात आलो."

फोन वाजला. निरंजन साहेब खाली गाडीत होते. लोक जळतात दौलतराव, मी तिकडे लक्षच देत नाही, असं म्हणाले. सासऱ्यांनी अंड्याचं नुसतं ऐकलं तर कालपासून काठी न घेता फिरतायत. एक डझन कमी पडेल, दोन करा.

फोन ठेवल्यावर तिघंही कढईकडे बघायला लागली. आईने गॅस बारीक केला. पप्पांनी गुडघा हळूच वाकवून बघितला. पुन्हा एकदा बघितला.

स्वप्नालीचा हात सवयीने वर गेला. घरात 'बोल' म्हणायला सर नव्हते, म्हणून तिने तो स्वतःच खाली घेतला.

"आई, पप्पा, माझं ठरलंय. यंदा विज्ञान प्रदर्शनात मी पप्पांना मांडणार. पंधरा दिवस काळं अंडं, पंधरा दिवस पांढरं, रोज तीन मजले. साहेबांचे सासरे तयार असतील तर तेही. आत्ता खाली जाऊन साहेबांना मी कढईचंही सांगणार आणि जिन्याचंही, म्हणजे खुर्चीचं नाव कुणी काढणार नाही. आई, कढई धुऊ नकोस. ती टेबलावर ठेवायचीय."