बहात्तर प्रश्नांची विश्रांती

मुख्याध्यापिकाबाईंनी रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'विश्रांती'. खरं कारण त्या रकान्यात मावलंच नसतं. शाळेत सकाळी सातपासून जो तो बाईंनाच विचारायचा. "बाई, नळाला पाणी नाही, मुलांना सोडू?" "बाई, नववीच्या वर्गावर आता कोण जाणार?" "बाई, ही कुंडी इथे ठेवू की तिथे?" बरं, घरी यावं तर घरी यजमान. यजमानांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे बरं की आधीचं?" असं शंभरदा विचारणारा हा गृहस्थ, पण घरात त्यांना कुणी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "काहीही चालेल." सव्वीस वर्षांच्या संसारात भाजी, पडदे, मुलीचं कॉलेज, सगळं बाईंनीच ठरवलं. जावई दाखवला तेव्हाही यजमानांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "चालेल."

तेव्हा बाईंची एकच इच्छा उरली होती. आठ दिवस आपल्याला कुणी म्हणजे कुणीही काहीही विचारता कामा नये. दोन महिने शोधून त्यांनी एक बेट हेरलं. ना थंडी, ना उकाडा. रिसॉर्ट असं उंची की फोटोतल्या टॉवेलला हात लावायची भीती वाटावी. जाहिरातीत लिहिलं होतं, 'बाकी सारं आमच्यावर सोडा.' हे वाक्य वाचून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिथल्या तिथे दोघांचं बुकिंग केलं.

दुसऱ्या दिवशी रिसॉर्टकडून एक फॉर्म आला. 'आपल्या विश्रांतीसाठी थोडीशी माहिती.' प्रश्न बहात्तर.

उशी कशी हवी? पर्याय नऊ. आंघोळीचं पाणी किती गरम? सकाळी पाखरांच्या आवाजाने उठवायचं, बासरीने की उठवायचंच नाही? नावाडी बोलका हवा की गप्प? बाईंनी कपाळाला हात लावला. पण फॉर्म अर्धवट सोडणं हे काही त्यांच्या रक्तात नव्हतं. तीन संध्याकाळी बसून, आधी कच्चं मग पक्कं, असा त्यांनी तो भरला. यजमानांचाही त्यांनीच भरला. दुसरं कोण भरणार?

चौथ्या दिवशी शाळेत तपासणी पथक बसलेलं असताना फोन वाजला. पलीकडून अतिशय गोड आवाजात एक मुलगी म्हणाली, "नमस्कार मॅडम, मी तुमची विश्रांती सल्लागार. मॅडम, सरांची आणि तुमची बहात्तरच्या बहात्तर उत्तरं सारखी आहेत."

"मग? नवरा-बायको आहोत आम्ही!"

"हो मॅडम, पण पाहुण्यांनी आपापला फॉर्म स्वतः भरायचा असतो. मी संध्याकाळी सरांशीच बोलते."

संध्याकाळी फोन टेबलावर मधोमध ठेवला गेला. आवाज मोठा केला गेला.

"सर, उशी कशी हवी?"

"काहीही चालेल."

"तसा पर्याय नाहीये, सर."

इतकी वर्षं दुसऱ्यांना पेचात टाकणारा माणूस आज स्वतः भिंगाच्या पलीकडे बसला होता. त्यांनी डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "मऊ."

"मऊ?" बाई उडाल्याच. "अहो, सव्वीस वर्षं कडक उशीवर झोपताय तुम्ही!"

"तू आणलीस ना ती."

"आणि मान धरली की चोळून कोण देत होतं?"

"त्या उशीनेच धरायची ना ती!"

"सर, चहा कसा?" मुलीने घाईने विचारलं.

"आलं नको," यजमान म्हणाले. या वेळी डोळे मिटायची गरज पडली नाही. "आलं मला कधीच आवडलं नाही. पुढचा प्रश्न विचारा."

बाईंना वाटलं, आपल्याच घरात कुणी परका माणूस येऊन बसलाय. आणि यजमान तर असे सुटले की विचारता सोय नाही. विसाव्या प्रश्नाला ते खुर्चीत पुढे सरकले. चाळिसाव्याला उठून येरझारा घालायला लागले. मधेच थांबून, "आणि हे पिवळे पडदे मला बघवत नाहीत," असं कुणी न विचारता सांगून मोकळे झाले. मुलगी म्हणाली, "सर, ते आमच्या यादीत नाहीये."

अडुसष्टावा प्रश्न आला. "सर, खोलीतून समुद्र किती दिसावा? पूर्ण, अर्धा की जरासा?"

"अजिबात नको. मला समुद्र आवडत नाही. होडीत पाय ठेवला की पोटात ढवळतं."

बाईंनी टेबलावर हात आपटला. "अहो, लग्न झाल्यावर आपण समुद्रावरच गेलो होतो!"

"तेव्हाही ढवळलं होतं. तू फोटो काढत होतीस. तुला वाटलं, मी लाजतोय."

"मग बेटावर येऊन करणार काय तुम्ही?"

"मी येत नाहीये," यजमान शांतपणे म्हणाले.

बाई रात्रभर चडफडल्या. राग समुद्राचा नव्हताच. आपण इतकी वर्षं हौसेने सगळं करत आलो आणि हा माणूस ते नुसतं सोसत होता, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. तारीख बदलता येत नव्हती. "तर मग मी एकटीच जाते, बसा तुम्ही मऊ उशी घेऊन," असं म्हणून त्यांनी बॅग भरली आणि खरोखरच गेल्या.

बेटावर सगळं फॉर्मबरहुकूम होतं. चहा हवा तसा, पाणी हवं तितकं गरम, नावाडी ठार गप्प. कुणी काही विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना सगळं आधीच माहीत होतं. पहिला दिवस स्वर्गात गेला. दुसऱ्या दिवशी माळी एक कुंडी हातात घेऊन जाताना दिसला तेव्हा बाई आशेने त्याच्याकडे पाहत राहिल्या. तो हसला आणि कुंडी आपल्या मनाने ठेवून गेला. तिसऱ्या दिवशी त्या दर दहा मिनिटांनी फोन बघायला लागल्या. गॅस संपला, दूध नासलं, किल्ली सापडत नाही, काहीतरी विचारायला यजमानांचा फोन येणारच. पण छे! झोप तर लागेचना. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःच फोन लावला.

"सगळं ठीक आहे ना?"

"ठीक."

"जेवणाचं काय करता?"

"मीच करतो. जमतं मला."

"काही विचारायचं होतं का?"

"नाही गं. पडदे तेवढे बदलले. निळे आणले."

म्हणजे आपल्यावाचून घरात काहीच अडत नव्हतं. बाई फोन ठेवायला निघाल्या.

"ऐक," यजमान म्हणाले, "मला इथे करमत नाही. तू उद्या ये."

"उद्या?"

"उद्याच. परवा नको. मला तू घरात हवीस."

बाईंनी फोन कानापासून दूर धरला, पुन्हा कानाला लावला. सव्वीस वर्षांत या माणसाने त्यांच्यापाशी मागितलेली ही पहिली गोष्ट. त्यांना भरून आलं. 'येते' हा शब्द अगदी ओठांवर आला. समोर समुद्र चमकत होता आणि सुट्टीचे अजून चार दिवस शिल्लक होते.

"अहो, असं कसं जमेल?" बाई फार गोड आवाजात म्हणाल्या. "बुकिंग आहे ना आपलं!"

फोन ठेवून त्यांनी पाय लांब केले. मुक्काम आणखी दोन दिवस वाढवून मिळेल का, ते उठल्यावर विचारायचं असं ठरवलं, आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना गाढ झोप लागली.