घाट चढणारा कॉम्प्युटर

मुरबाडला रेल्वे नाही, ही तक्रार कुंडलिक जन्मापासून ऐकत आला होता. पण रेल्वे नाही म्हणून घरातलं माणूस झुरू शकतं, हे त्याला सासरे राहायला आले तेव्हा कळलं.

सासरे, म्हणजे देवजी, कसाऱ्याला रेल्वेत ड्रायव्हर होते. त्यांचं कामही जरा वेगळं. कसाऱ्याहून घाट चढायचा तर पुढच्या एका इंजिनाला गाडी ओढवत नाही. मागून आणखी इंजिनं जोडून ती रेटावी लागते. देवजींनी एकवीस वर्षं हे रेटायचं काम केलं. गाडी इगतपुरीला पोहोचवायची, इंजिन सोडवून घ्यायचं आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली यायचं. २००४ साली ते निवृत्त झाले आणि क्वार्टर सुटलं. बायको आधीच गेलेली, मुलगी एकुलती एक. तीच, म्हणजे राही, त्यांना मुरबाडला घेऊन आली.

देवजींचा त्रास कसलाच नव्हता. जेवणाला नावं ठेवत नसत, टीव्हीचा चॅनल मागत नसत. सकाळी आंघोळ करून ओट्यावर बसत आणि रस्त्याने जाणाऱ्या एसट्या बघत, तेही शेजाऱ्याची ढोरं चुकून आपल्या वावरात आल्यासारखं. दिवसभरात बोलणं दोनच: "पाणी दे गो," आणि "बस झाला भात." असे चार महिने गेले. मग एक दिवस त्यांनी वळकटी बांधून दाराशी उभी केली आणि सांगितलं, की दिवाळी झाली की कसाऱ्याला स्टेशनजवळ खोली घेऊन राहणार.

मोरीत दोनदा चक्कर येऊन पडलेला माणूस एकटा राहणार म्हटल्यावर राहीचा जीव टांगणीला लागला. त्या दिवशी भांडी घासण्याचा आवाज तीन घरं पलीकडे गेला.

कुंडलिक एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघायचा. सरकारने कारकुनांना संगणकाची परीक्षा सक्तीची केल्यामुळे तो नुकताच गावातल्या शेखरच्या क्लासात जाऊ लागला होता. शेखर शिकवायचा, आणि कॉम्प्युटरचे पार्ट विकून जोडूनही द्यायचा. आठ दिवसांत तो फाइल उघडायला शिकला. (बंद करायचं नवव्या दिवशी होतं.) तिथे शेखरने एका मासिकाबरोबर आलेली सीडी लावून दाखवली. खेळ असा, की आगगाडी आपणच चालवायची. चित्र आलं, एक स्टेशन दिसलं, एक झाड दिसलं आणि सगळं थिजलं. शेखर म्हणाला, याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, आपल्याकडच्या मशीनला झेपत नाही.

रविवारी जेवताना कुंडलिकने ही हकिकत सांगितली, आणि सांगता सांगता बोलून गेला, की तसला कॉम्प्युटर आपण घरी आणू.

देवजींनी ताटावरून मान वर केली.

"घाट असतो का त्यात?"

"असतो की," कुंडलिक म्हणाला. (त्याने पाहिलं होतं ते एक स्टेशन आणि एक झाड.)

देवजींनी आणखी एक भाकरी मागून घेतली. राहीने नवऱ्याला आत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "आता माघार घेव नका. चार महिन्यांनी त्यांनी कायतरी इचारलंय."

कल्याणला जाऊन तयार कॉम्प्युटर आणता आला असता. पण बिघडला तर कल्याणहून दुरुस्तीला कोण येणार, हे शेखरचं म्हणणं. शिवाय खेळाचं तयार मशीन कारकुनाच्या खिशाला परवडणारं नव्हतं. तेव्हा एकेक पार्ट जवळपास मिळेल तसा घ्यायचा आणि शेखरने तो जोडून द्यायचा, असं ठरलं. पार्ट निवडायचं काम कुंडलिकने स्वतःकडे घेतलं. घरात साधी केरसुणीही राही पारखून घेते, पण या बाबतीत ती गप्प राहिली.

बाकीचे पार्ट ज्यावर बसतात तो मदरबोर्ड शेखरकडे एकच शिल्लक होता. कुंडलिकने तो घेतला, कारण निवडण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. ग्राफिक्स कार्ड मुरबाडात कुणी ठेवत नव्हतं. शहापूरला भावेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक आहे असं कळलं, म्हणून सरळगाववरून जाणारी एसटी धरून कुंडलिक शहापूरला गेला. काचेच्या कपाटात दोन वर्षं धूळ खात पडलेला तो खोका भावेशने फडक्याने पुसला आणि विचारलं, "साहेब, एजीपी आहे ना तुमच्याकडे?"

आता, कार्ड ज्या खाचेत बसतं तिला एजीपी म्हणतात. पण कारकुनाला एजी एकच ठाऊक: त्याच्या प्रॉव्हिडंट फंडाचा हिशोब ठेवणारं मुंबईचं महालेखापालांचं कार्यालय. पुढचा 'पी' प्रॉव्हिडंटचा असणार, हे त्याने ओळखलं.

"आहे ना. पहिल्यापासून आहे."

"नक्की?"

"दर वर्षी स्लिप येते मला."

भावेशने एकदा त्याच्याकडे नीट बघितलं आणि खोका पिशवीत घातला.

मुरबाडला येऊन शेखरने मदरबोर्ड उघडला. कार्डाच्या जागी पांढऱ्या अक्षरांत एजीपी असं छापलेलं होतं, खाली बारीक भोकांची रांगही होती, पण खाचच बसवलेली नव्हती. स्वस्तातल्या बोर्डात कंपनी ती गाळते, असं शेखर म्हणाला. कुंडलिकला हे समजायला क्षणही लागला नाही. पद मंजूर, जागा रिक्त. त्याच्या कचेरीत अशी सहा पदं होती.

पुन्हा शहापूर. विकलेलं कार्ड भावेश परत घेईना, पण त्याच्याकडे खाच असलेला एक मदरबोर्ड होता. तो घेऊन कुंडलिक परतला. पहिला बोर्ड शेखरने तोंड वाकडं करून का होईना, परत घेतला. आता फक्त रॅमची पट्टी बसवायची राहिली होती. ती शेखरकडूनच घेतलेली, पहिल्या बोर्डाला चालणारी. शेखर क्लासात अडकला होता, आणि घरी देवजी समोर बसले होते. दोन हेलपाटे घालूनही काहीच चालू करू न शकलेल्या जावयाला काहीतरी करून दाखवावंसं वाटलं. पट्टीत दोन चिरा होत्या, खाचेत उंचवटा एकच. कुंडलिकने ती उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली, मग अंगठे ठेवून जोर लावला.

शेंगेचं टरफल फुटावं तसा आवाज झाला. पट्टीचे दोन तुकडे पडले.

देवजी उठले, दाराशी गेले आणि वळकटीची सैल झालेली दोरी सोडून पुन्हा आवळून बांधली. राही चुलीपुढून बघत होती. कुंडलिकच्या हातात तुकडे तसेच राहिले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण आपण या घरात नुसते राहतो, कुणाच्या उपयोगाला पडत नाही, असं त्याला पहिल्यांदाच इतकं स्वच्छ वाटलं. दुपारचा चहा त्याने साखर नाही हे न कळता संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला तेव्हा देवजी इस्त्रीचा खाकी शर्ट घालून ओट्यावर उभे होते.

"मी येतो शहापूरला."

एसटीत त्यांनी जावयाला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. कुंडलिकने सांगितलं, प्रॉव्हिडंट फंडही सांगितला. देवजी हसले नाहीत. म्हणाले, "जावईबापू, तुमी हाताला येईल ते घेत गेलात. दोन तालुक्यांत जी वस्तू एकच हाय, म्हंजे ते कार्ड, तिला धरून ठेवायची. बाकीचं तिच्यामागं जोडायचं."

भावेशच्या दुकानात ते स्टुलावर बसले आणि एकेक पार्ट हातात घेऊन विचारू लागले. हा कशात बसतो, त्याला करंट किती लागतो, तो कुठून येतो, कमी पडला तर काय होतं. भावेशने आधी घाईघाईत उत्तरं दिली. मग त्याने गिऱ्हाइकं थांबवली आणि चहा मागवला. कुंडलिकने शेखरकडून घेतलेल्या कॅबिनेटमधला, म्हणजे बाहेरच्या खोक्यातला, पॉवर सप्लाय या कार्डाला पुरणार नाही, हे बोलता बोलता देवजींनीच शोधून काढलं आणि मोठा मागून घेतला. नव्या बोर्डाला चालणारी पट्टी दुकानात नव्हती. त्यांनी विचारलं, दुरुस्तीला आलेलं नि कुणी परत न नेलेलं एखादं मशीन पडलंय का. माळ्यावर एक होतं. भावेशने ते खाली उतरवलं, आत हवी तीच पट्टी निघाली.

तीन तास लागले. या तीन तासांत कुंडलिकला एकच काम होतं: पिशवीचं तोंड उघडं धरायचं.

परतीच्या एसटीत देवजी बोलत होते. किन्हवलीपर्यंत पॉवर सप्लायवर, पुढे घाटावर. पावसात रूळ निसरडे झाले की वाळू कशी सोडायची, पुढच्या ड्रायव्हरने शिट्टी दिली की मागच्याने त्यातून काय ओळखायचं. कंडक्टर तिकिटं विसरून उभा राहिला. कुंडलिकने घरात पाऊल ठेवताच राहीला खूण केली: बाबा बोलतायत. ती पदराने हात पुसत नुसती ऐकत राहिली.

गुरुवारी शेखरने सगळं जोडून दिलं आणि खेळ सुरू झाला. घाट होता. परदेशातला, बर्फाने भरलेला, पण घाट होता. देवजींनी चष्मा नीट केला, खुर्ची पुढे ओढली आणि गाडी सोडली. पहिल्या वळणावर त्यांचा हात थबकला.

"पुढं डबा नाय," ते म्हणाले.

कुणाला कळेना. मग त्यांनीच सांगितलं, पडद्यावरची नजर न काढता.

"एकवीस वर्षं घाट चढलो, पण गाडी घेऊन चढताना पुढचा रूळ मला कधी दिसला नाय. दिसायची ती शेवटच्या डब्याची पाठ. गाडी कुठं वळली ते ती पाठ हलली की कळायचं. आज रूळ दिसतोय."

वर पोहोचेपर्यंत घरात कुणी हललं नाही. वरच्या स्टेशनात त्यांनी गाडी अशी थांबवली, की कपातला चहा डुचमळला नसता. मग चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. राहीने त्याच वेळी वळकटी सोडली आणि सतरंजी आतल्या खोलीत नेऊन पसरली. देवजींनी ते पाहिलं, आणि चालू दिलं.

त्यानंतर घरात रेल्वेचे नियम लागू झाले. गाडी चालू असताना खोलीत कांदा चिरायचा नाही. लोडशेडिंग झालं की खोळंबा किती मिनिटांचा, हे विचारायचं नाही. ते देवजी स्वतःच सांगत. कसाऱ्याच्या खोलीचं नाव पुन्हा निघालं नाही.

दिवाळीच्या पाडव्याला देवजींचा हात जरा सैल होता. त्यांनी खुर्ची सोडली आणि जावयाला म्हणाले, बसा, एक फेरी तुमची. कुंडलिक बसला. राही करंज्यांचं ताट घेऊन बघायला आली. गाडी निघाली, बोगदा गेला, पूल गेला, आणि पुढे सिग्नल आला. कुंडलिकने गाडी आरामात पुढे काढली. पडदा काळा झाला आणि खेळ संपल्याची पाटी आली.

"सिग्नल कुठला होता?" देवजींनी विचारलं.

"हिरवा."

"परत बघा."

परत बघितला. परत हिरवाच. देवजींनी राहीकडून शिवणाच्या दोऱ्यांची रिळं मागवली, जमिनीवर मांडली आणि हिरवी तेवढी वेगळी करायला सांगितली. त्यांच्या आवाजात रेल्वेच्या दवाखान्यातली शांतता होती. कुंडलिकने काळजीपूर्वक सात रिळं बाजूला काढली. त्यांत तीन हिरवी होती, दोन तपकिरी आणि दोन कुंकवासारखी लाल.

खाली बसलेल्या राहीने ती सात रिळं बघितली, मग नवऱ्याला बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "तुमी मला बघायला आलेलात तेव्हा मी कुठल्या साडीत होते?"

हे उत्तर कुंडलिकला पाठ होतं. अकरा वर्षं तो ते कौतुकाने सांगत आला होता, चारचौघांतसुद्धा.

"हिरव्या. म्हणून तर मी लगेच हो म्हटलं."

"डाळिंबी होती ती," राही म्हणाली. "मला वाटायचं, तुमी आधी बघितलेली दुसरीच कोणतरी आठवताय. अकरा वर्षं मी गप्प बसले."

कुंडलिकने मदतीसाठी सासऱ्यांकडे पाहिलं. देवजी रिळं एकेक करून डब्यात भरत होते. त्यांनी झाकण लावलं, डबा मुलीच्या हातात दिला आणि तितक्याच गंभीरपणे म्हणाले,

"ड्रायव्हर घेताना रेल्वे डोळे तपासून घेते गो. जावई घेताना मीच नाय तपासले."