बंडीवरचा जाझ

प्रेमदास नागपूरहून हात हलवत आला असता, तर हरिदासनं त्याला पोटाशी धरलं असतं. पण पोट्टा पुलगाव टेसनावरून अख्खी बैलबंडी भरून आला, आणि निम्म्या नाचणगावानं ती बंडी रस्त्यातच उपसून पाहिली. एक मोठा ढोल, तो आडवा मांडून पायानं वाजवायचा. एक लहान, तो काड्यांनी. बाजूला आणखी एक, आणि उभ्या दांडीवर लटकवलेली ताटाएवढी पितळी झांज. हे सगळं एकट्या माणसानं वाजवायचं, तेही स्टुलावर बसून. या सामानाला प्रेमदास जाझ म्हणे. नागपुरात तो तीन वर्षं एका क्लबात खुर्च्या मांडायच्या कामाला होता. तिथल्या गोव्याच्या वादकानं त्याला ही विद्या शिकवली आणि मुंबईला जाताना आपलं जुनं सामान देऊन टाकलं.

हरिदास त्याचा सख्खा काका. भाऊ वारल्यावर त्यानंच या पोराला वाढवलं, पहिल्या काड्याही त्यानंच हातात दिल्या. घरात चार पिढ्यांचं वाद्य. दोन-अडीच वर्षांपूर्वी सगळ्या वस्तीबरोबर धम्माची दीक्षा घेतल्यावर देवीपुढं वाजवणं सुटलं, पण लग्नाचा बँड राहिला. त्या बँडचा म्होरक्या हरिदास. गळ्यात पट्टा, कमरेवर साइड ड्रम आणि सगळ्यांच्या दोन पावलं पुढं तो. त्याच्यासारखा हात वर्ध्यापर्यंत नाही, असं लोक म्हणत. म्हणजे प्रेमदास येईस्तोवर म्हणत होते.

आता रोज सकाळी अंगणात माणसं जमू लागली. पोट्टा हातापायांनी वाजवी आणि माणसं तोंड उघडं टाकून बघत. हरिदासच्या बायकोनं, अन्नपूर्णानं, तर पुतण्यासाठी पुरणाच्या पोळ्या केल्या. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण चांगलं वाजवलं म्हणून हरिदासच्या ताटात पोळी कधी पडली नव्हती. आजची पोळी त्यानं हे आठवून आठवून खाल्ली. जळण म्हणतात ते हेच. बाहेरून धूर दिसत नाही, एवढंच.

“चार मानसाचं काम एकटा करते म्हने. मंग बाकीच्या तिघानं काय माशा मारा?” तो बापापाशी धुसफुसला.

म्हातारा चिंधू खाटेवर पडल्या पडल्या हसला. लढाईच्या दिवसांत हरिदासनं पुलगावच्या बाजारातून गोऱ्या पलटणीचा मोडका साइड ड्रम आणला, तेव्हा या चिंधूच्या डफड्याकडे कोणी ढुंकून पाहीना. म्हाताऱ्यानं मग काय केलं, ते घरात सगळ्यांना पाठ होतं.

“तुह्या काड्या मी चुलीत घातल्या होत्या. याद हाय ना?”

“हाय. त्यानं फरक काय पडला?”

“दोन भाकरी भाजल्या गेल्या,” चिंधू म्हणाला आणि कुशीवर वळला.

एवढ्यात गावातल्या वासुदेवरावांच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरदेव सेलूचा, वऱ्हाडाचा उतारा, म्हणजे जानोसा, मारोतीच्या देवळापाशी. वासुदेवरावांनी स्वतः येऊन सांगितलं की बँड तुमचाच, पण तुमचा तो नागपूरवाला पोट्टा पाहिजे. अडचण एकच होती. नवरदेवाला देवळापासून मांडवापर्यंत वाजत आणायचं, आणि जाझ तर एका जागी बसून वाजवायचा. बसलेला माणूस मिरवणुकीत चालणार कसा? मी मांडवातच बसतो, असं प्रेमदास म्हणत होता.

तेव्हा हरिदास पुढं झाला. पोट्ट्याची विद्या गावानं रस्त्याभर पाहिली पाहिजे, सामान बंडीवर मांडू, बंडीचं मी बघतो, असं तो इतक्या गोड आवाजात बोलला की अन्नपूर्णानं चमकून वर पाहिलं. वासुदेवराव मात्र खूष झाले. काका असावा तर असा, म्हणाले.

बंडीचं बघतो म्हणजे त्यानं आधीच पाहून ठेवलं होतं. गावातल्या किसनरावांची चांद्या-पाखऱ्या ही शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी तीन वर्षं कोणाला हरली नव्हती. किसनरावांनी तिला एक खोड लावली होती. पितळी थाळी वाजली की सुटायचं, ते थेट गोठ्यात सरकीच्या घमेल्यापाशी थांबायचं. आणि तो गोठा होता वासुदेवरावांच्या मांडवाच्या मागल्या अंगाला. हरिदासनं हिशेब जुळवला. झांज वाजणार, जोडी सुटणार, जाझ गावभर सांडणार आणि नागपूरची सगळी ऐट धुळीत लोळणार. पोराची हाडं मोडू नयेत एवढी माया मात्र त्याच्या पोटात होती, म्हणून बंडीत त्यानं कडब्याच्या दोन पेंढ्या अंथरल्या.

पाच गावांचे पाहुणे तुमची जोडी बघतील, एवढं सांगितल्यावर किसनराव तयार झाले. फक्त एक शंका त्यांनी विचारून घेतली.

“थाळी तं नाई ना वाजनार कुठी?”

“बँडात थाळी कोन वाजवते, किसनराव?” हरिदास म्हणाला. खोटं बोलला असं कोणी म्हणू शकलं नसतं.

आदल्या दिवशी घरात बोलणी झाली, तेव्हा हरिदासनं एक गोष्ट ठणकावून सांगितली. घराण्याचा नेम होता की मिरवणूक निघताना पहिली थाप घरातल्या कर्त्या वडील माणसानं द्यायची. पूर्वी नारळ-कुंकू असायचं. ते गेलं, थाप राहिली. जाझ येवो नाहीतर आणखी काही येवो, पहिली थाप माझी, तो हक्क कोणाला देणार नाही, असं तो म्हणाला. प्रेमदास मान खाली घालून हो म्हणाला.

लग्नाच्या दिवशी देवळापुढं ही गर्दी. नवरदेव घोडीवर, बँड रांगेत, आणि मधोमध बंडीवर मांडलेला जाझ उन्हात झळकत होता. बंडीत कडबा आपण टाकला त्यापेक्षा जास्त दिसतो, असं हरिदासला वाटलं, पण त्यानं मनावर घेतलं नाही. तो पट्टा आवळून पहिल्या थापेसाठी काड्या उचलणार, तोच प्रेमदास येऊन त्याच्या पाया पडला.

“काका, आता बँडाचं पयलं वाद्य हे हाय. चढा. थाप तुमची.”

हरिदासच्या तोंडचं पाणी पळालं. माझाच ड्रम बरा आहे, माझे गुडघे दुखतात, त्या स्टुलावर मला बसता येत नाही, असं त्यानं तीन तऱ्हांनी सांगून पाहिलं. पण काल हक्क हक्क म्हणून ओरडलेला माणूस आज मागं सरतो म्हटल्यावर लोक हसायला लागले. सावलीला बसवलेल्या चिंधूनं काठी आपटली.

“चढ म्हनतो ना. मीबी तुह्या ड्रमवर थाप देल्ली होती. दात खाऊन देल्ली, पन देल्ली.”

बापापुढं इलाज नव्हता. हरिदास चढला. झांजेकडं पाहायचंसुद्धा नाही, लहान ढोलावर बोटानं टिचकी मारायची आणि उतरायचं, असं त्यानं ठरवलं. स्टुलावर टेकला, पाय कुठंतरी ठेवायचा म्हणून ठेवला, तो नेमका मोठ्या ढोलाच्या पायपट्टीवर. धुम्म करून खालून आवाज आला, हरिदास दचकून उडाला आणि त्याचा कोपर झांजेवर बसला.

किसनराव तेव्हा कासरा खुंटीला अडकवून, खाली उतरून फेट्याचा शेमला सारखा करत होते. चांद्या-पाखऱ्यांनी कान टवकारले आणि पटावर सुटावी तशी ती जोडी सुटली.

पुढचं सगळं घडायला विडी पेटवण्याएवढाच वेळ लागला असेल. बंडी उसळली की हरिदासचा पाय पट्टीवर आदळे आणि ढोल वाजे. झांज गप्प करावी म्हणून त्यानं हात घातला, तर काडीसकट हात तिच्यावर पडला आणि बैलांना वाटलं, धनी आणखी पळ म्हणतो. थांबवायला जावं तर वाजत होतं, आणि वाजलं की बैल पळत होते. मागून नवरदेवाची घोडी बिथरून धावली. घोडीमागं वऱ्हाड धावलं. ही नागपूरची नवी तऱ्हा असेल असं समजून क्लॅरनेटवाला धावत धावत वाजवू लागला, आणि त्याच्या मागं सगळा बँड.

पहिल्या वळणापर्यंत हरिदासनं तथागताचं नाव घेतलं. दुसऱ्या वळणाला त्याच्या लक्षात आलं की पडायचं नसेल तर बंडीच्या हिसक्याबरोबर हलावं लागतं. पंचवीस वर्षं वाजवलेले हात होते ते. बैलांच्या टापांशी त्यांनी आपोआप सूत जमवलं. टापा चार तर काड्या आठ, खड्डा आला की झांज. खरं सांगायचं तर वाटेतल्या शाळेपासून मांडवापर्यंत हरिदासला मजा आली. पण हे त्यानं अन्नपूर्णालासुद्धा सांगितलं नाही.

मांडवाच्या बाजूनं वळून बैल गोठ्याशी थांबले आणि त्यांनी सरकीत तोंड घातलं. स्टुलावर हरिदास, डोक्यावर फेट्याऐवजी कडबा. त्याच्या मागोमाग घोडी आली आणि घोडीवर डोळे मिटलेला नवरदेव. वासुदेवरावांनी हातातलं घड्याळ पाहिलं, कानाला लावलं, पुन्हा पाहिलं. मुहूर्ताला पाव तास होता. नाचणगावात नवरदेव मुहूर्ताआधी मांडवात आल्याचं कोणालाही आठवत नव्हतं. त्यांनी स्वतःचा शेला काढून हरिदासच्या खांद्यावर घातला.

नवरदेवाचे मामा प्रभाकरराव धापा टाकत पोचले आणि पोचल्या पोचल्या त्यांनी सेलूला होणाऱ्या आपल्या घरच्या लग्नाचं ठरवूनच टाकलं. येत्या सोमवारी, जाझ पाहिजे, बंडीवर पाहिजे, आणि वाजवणारा हाच पाहिजे. प्रेमदास शेवटी पळत आला. सामानाला एक ओरखडाही नव्हता. कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, “काकाजवळून शिकून घेजो, बाबू.” प्रेमदास हसला, पण अर्ध्याच तोंडानं.

सोमवारपर्यंत हरिदास घरात शेला पांघरूनच फिरला. पण उभ्या बंडीवर त्याला जाझ वाजवता येत नव्हता. शेवटी त्यानं पुतण्याला विचारलं की जरा दाखवतोस का. प्रेमदास फार नम्रपणे म्हणाला, तुम्ही उस्ताद, मी काय दाखवू.

सोमवारी सकाळी हरिदासच्या काड्या सापडेनात. खुंटीवर नाहीत, ड्रममागं नाहीत. शोधत तो चुलीपाशी आला, तर अन्नपूर्णा भाकर भाजत होती आणि निखाऱ्यातून एका काडीचं गोल टोक बाहेर डोकावत होतं.

“सरपनात होत्या. कोनं टाकल्या मले काय मालूम,” ती म्हणाली.

खाटेवर चिंधू इतका हसला की त्याला ठसका लागला. अंगणात प्रेमदास झांज पुसत बसला होता. त्याची मान खाली होती आणि कान लाल झाले होते. महिनाभर हरिदासला वाटत होतं की हा पोट्टा नागपूरचा होऊन आला. आज पहिल्यांदा तो त्याला आपला वाटला. ताटात भाकर घेऊन तो त्याच्यापुढं जाऊन बसला.

“खा. माह्या काड्यांवर भाजली हाय.”

प्रेमदासनं भाकरीकडं पाहिलं, मग काकाकडं.

“काका, थाळीचं किसनरावानं मले आदल्या दिवशीच सांगतलं होतं.”

“मंग तू मले चढवलं?”

“वडीलकी तुमचीच ना.” प्रेमदासनं भाकरीचा तुकडा मोडला आणि खालमानेनं म्हणाला, “पन मी कडब्याच्या दोन पेंढ्या अजून टाकल्या होत्या.”

हरिदासनं उरलेली अर्धी भाकर स्वतःसाठी मोडून घेतली, आणि दोघं एका ताटात जेवले.