साळूची नाडी

घड्याळजींनी एक पट्टा साळूच्या छातीला बांधला, दुसरा स्वतःच्या, आणि मनगटावरच्या पडद्याकडे बघत म्हणाले, “बहात्तर. उभ्या उभ्या बहात्तर.”

साळू परसात निवांत गवत चघळत होती. ऊन तिच्या तांबूस पाठीवर सांडलं होतं, शेपटी माश्यांची दमानं समजूत घालत होती. जगात काही बिघडलंय असं त्या घोडीच्या चेहऱ्यावर कुठंही दिसत नव्हतं.

“घोड्याची नाडी विश्रांतीत चाळिसाच्या आसपास हवी,” घड्याळजी म्हणाले. “आणि माझी बघ. अडतीस.”

त्यांची बायको मागच्या दारात ओठांत टाचण्या धरून कुणाच्या तरी झग्याची किनार दुमडत बसली होती. शिवणकामात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं, आणि बोलण्यातही. टाचण्या काढून ती म्हणाली, “अडतीस म्हणजे माणूस निम्मा गेलेलाच की.”

“खेळाडूंची असते.”

“जिना चढताना दोनदा कठडा धरणाऱ्या खेळाडूंची?”

घड्याळजी पडदा बाहीनं पुसून पुन्हा बघू लागले. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. माणसं चुकतात, काटे चुकत नाहीत.

साळू आल्यापासून शिवणखोलीचा अर्धा भाग चाऱ्याच्या पोत्यांनी गिळला होता. बायको तिला ‘सवत’ म्हणायची. वर्षभर तिनं कळ काढली आणि मग एका सकाळी अट घातली. “ती चाळीस किलोमीटरची शर्यत या मोसमात पुरी करून दाखवा. केलीत, तर माझी तक्रार संपली. नाही केलीत, तर साळू माझ्या भावाच्या बागेत जाईल. पाहुण्यांच्या पोरांना फिरवेल.”

गळ्यात गोंडे घालून गोल गोल फिरणारी साळू डोळ्यांपुढं आली की घड्याळजींना घास उतरत नसे.

या शर्यतीत पहिलं यायची घाई नसते. घोडं धडधाकट पोचणं हीच कमाई. अर्ध्या वाटेवर आणि शेवटी पशुवैद्य नाडी मोजतात. अर्ध्या तासात ती चौसष्टच्या खाली आली नाही, किंवा घोडं लंगडलं, तर बाद. म्हणून घड्याळजींनी भिंतीवर चार महिन्यांचा तक्ता लावला होता. पहिल्या महिन्यात नुसती चाल, दुसऱ्यात दुडकी, तिसऱ्यापासून चढण. दर आठवड्याला थोडं थोडं अंतर वाढवायचं आणि नाडी दीडशेवर गेली की लगेच खाली उतरायचं.

पहिल्याच चढणीला पडद्यावर साळूपुढं एकशे बावन्न आले. घड्याळजी, अर्थातच, उतरले आणि लगाम धरून पायी चढू लागले. दहा पावलांवर आकडा एकशे साठ.

“अगं, मी उतरलो तरी तुला दम लागतोय?” त्यांनी हळहळत विचारलं. साळूनं कुंपणावरची एक फांदी तोडून खाल्ली.

ओझं खोगिराचंच होत असणार. त्यांनी खोगीर सोडून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. एकशे बहात्तर.

घड्याळजींनी पडदा बाहीखाली झाकला. घोडीत जीव उरला नव्हता, आणि हे बायकोला कळता कामा नये. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी साळूचा खुराक दीडपट केला आणि सगळ्या चढणी पायीच चढायच्या ठरवल्या. मग रोज सकाळी टेकडीच्या रस्त्यावर लोकांना एक मिरवणूक दिसू लागली. पुढं खांद्यावर खोगीर घेऊन धापा टाकणारे घड्याळजी, मागं मोकळ्या पाठीनं, माहेरी निघाल्यासारखी, साळू.

टेकडीखालचा न्हावी दुकानाच्या दारातून हसला. “घड्याळजी, तयारी कुणाची चाललीय?”

“घोडीची.”

“नाही, खोगीर तुमच्या अंगावर होतं म्हणून विचारलं.”

चौथ्या महिन्यात एक नवीच गोष्ट लक्षात आली. घड्याळजी साळूजवळ बसून आकडे टिपून घेत होते, तेवढ्यात बायको परसात आली. “शिवणखोलीत उंदीर झालेत. तुमच्या पोत्यांमुळे. आज ती हलली नाहीत तर मी ती उंदरांसकट रस्त्यावर ठेवीन.”

साळूचा आकडा बहात्तरवरून अठ्ठ्याण्णववर गेला.

“बघ,” घड्याळजी दुखावल्या आवाजात म्हणाले. “तुझा आवाज तिला सोसत नाही.”

“मी तुमच्यावर ओरडतेय.”

“तेच तर. मला कुणी बोललेलं तिला बघवत नाही. माझं काळीज बघ, चाळीसवर थंड. धडधडतंय ते तिचं.”

बायकोनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा सवतीकडं. साळूनं शांतपणे जांभई दिली.

“एक विचारू?” बायको म्हणाली. “तुमच्या विजारी मी दोनदा कमरेत आत घेतल्या. हिच्या खोगिराचा पोटावरचा तंग मात्र शेवटच्या भोकावर आलाय. तयारीनं बारीक कोण व्हायला हवं होतं?”

“तो अशक्तपणाचा फुगवटा आहे,” घड्याळजी म्हणाले.

शर्यतीच्या सकाळी बत्तीस घोडी धूळ उडवत निघाली. तेहतिसावी साळू. सपाट वाटेवर घड्याळजी तिच्यावर बसले आणि जरा चढ लागला की उतरून पळू लागले. शेजारी पळायला नियमांची ना नव्हती. एवढं पळणारा स्वार मात्र तिथं कुणी पाहिला नव्हता. वीस किलोमीटरच्या तपासणीला ते पोचले तेव्हा शर्टाचं पोतेरं झालं होतं आणि पडद्यावर साळूपुढं एकशे अडुसष्ट होते.

पशुवैद्यबाईंनी तपासायची नळी साळूच्या पुढच्या पायाच्या कोपरामागं टेकवली, डोळे मिटले, मोजलं. “अठ्ठेचाळीस. छान आहे.”

“बाई, परत मोजा,” घड्याळजी कसेबसे म्हणाले. तिला नापास करा असं सांगताना त्यांना रडू येत होतं, पण घोडीच्या जिवाशी खोटं बोलणं त्यांना जमणार नव्हतं. “एकशे अडुसष्ट आहे. हे बघा.”

बाईंनी पडदा पाहिला. मग नळी घड्याळजींच्या छातीला लावली.

“एकशे अडुसष्ट,” त्या म्हणाल्या. “बरोबर आहे तुमचं यंत्र. अगदी अचूक.”

घड्याळजी धुळीत बसून स्वतःच्या पट्ट्याची डबी चाचपू लागले. चार महिन्यांपूर्वी सेल बदलायला त्यांनी दोन्ही पट्ट्यांच्या, आकडे पाठवणाऱ्या बिल्ल्याएवढ्या डब्या एकदमच मेजावर उघडल्या होत्या. एका मेजावर एका वेळी दोन यंत्रं उघडायची नाहीत, हे हाताखालच्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी शिकवत आले होते. काटे चुकले नव्हते. डब्या परत बसवताना त्यांची घरं बदलली होती.

“म्हणजे ती धडधाकट आहे?”

“धडधाकट आहे, पण लाडावलीय.” बाईंनी साळूची पाठ बोटांनी दाबून पाहिली. “ बरेच दिवस नुसती फिरायला आलेली दिसतेय तुमच्याबरोबर. पाठीला ओझ्याची सवय राहिली नाही. आता वीस किलोमीटर बसून गेलात तर लंगडेल, आणि लंगडली की बाद.”

“आणि पायी गेलो तर?”

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “ती पोचेल,” त्या म्हणाल्या.

घड्याळजी उठले. दोन्ही पट्टे सोडून त्यांनी खोगिराच्या पिशवीत कोंबले आणि आयुष्यात पहिल्यांदा नुसता हात साळूच्या छातीवर ठेवला. आतून एक मोठं, संथ ठोके देणारं घड्याळ चालत होतं. कुणी किल्ली दिलेली नव्हती, कुणी दुरुस्त केलेलं नव्हतं. त्यांचा हात तिथून निघेना.

“चल, बाई,” ते म्हणाले.

पुढच्या वाटेचं वर्णन करण्यात अर्थ नाही. घड्याळजींना त्यातलं फार आठवत नाही. एका ओढ्यात दोघांनी शेजारी शेजारी तोंड घालून पाणी प्यायलं, आणि शेवटच्या चढणीवर साळू मागून डोक्यानं त्यांना ढकलत होती, एवढंच आठवतं. वेळ संपायला अकरा मिनिटं असताना दोघं खुणेची दोरी ओलांडून आले. बाईंनी मोजलं. बावन्न. चाल सरळ. साळू पास. इतकंच नव्हे, आलेल्या घोड्यांत सर्वांत ताजं घोडं म्हणून तिच्या लगामाला निळी फीत बांधली गेली.

मेहुणा घोडं न्यायची बंद गाडी घेऊन सकाळपासून हजर होता. “ताई, मग मी हिला नेत नाही?”

“अट म्हणजे अट,” बायको म्हणाली. तिनं साळूच्या मानेवरून हात फिरवला, आधी उलट्या हातानं, मग सावकाश सुलट्या, एखाद्या भारी कापडाचा पोत बघावा तसा. “सवत माझी राहील. आता ताजी आहे, तर मीच बसून नेते घरी. दोन मैल तर आहे. मघाशी बाईंना विचारलंय, तेवढ्यानं काही होत नाही म्हणाल्या. नाहीतरी माझं ओझं ते काय.”

“आणि मी?” घड्याळजींनी जमिनीवरून विचारलं. ते दोरीपाशी जे आडवे झाले होते ते तसेच होते. पायांत वांब आले होते आणि उठायचे दोन प्रयत्न वाया गेले होते.

बायकोनं रिकिबीत पाय घातला, झगा सावरला आणि भावाकडं बघून मान हलवली. मेहुण्यानं गाडीची मागची फळी खाली सोडली, घड्याळजींना काखेत धरून उभं केलं आणि हळूहळू वर चढवलं.

“दाजी,” आडवा दांडा लावता लावता त्यानं विचारलं, “बांधू, की नुसते उभे राहाल?”

घड्याळजींनी दांड्यावर हनुवटी टेकवली. समोर धुळीतून साळू आणि बायको डुलत डुलत चालल्या होत्या.

“बांधू नकोस,” ते म्हणाले. “गवत तेवढं टाक.”